घटकेची भाकर

मधल्या सुटींत वर्गांवरून एक चक्कर टाकणें हें शिक्षकाच्या कामांपैकींच एक काम आहे, आणि तें आम्ही गेलीं वीस वर्षें करीत आलों आहों. मुलें काय खातात हें पाहण्याचा त्यांत हेतु नसतो. परंतु डोळे असले म्हणजे दिसतें. यंदा आम्हांस जें दिसलें तें असें: सातवीच्या वर्गांतील एक मुलगा डब्याचें झांकण उभें धरून त्याच्या आडोशाला जेवत होता. डब्यांत कांहीं शाळेंत न आणण्याजोगें असावें अशी शंका येऊन आम्ही जवळ गेलों, तों आंत ज्वारीची भाकर, लसणाच्या फोडणीचें पिठलें (ज्यास आमच्या वर्ध्याकडे नुसतें बेसन म्हणतात) आणि जवसाची चटणी! शेजारच्या बांकावर दोघेजण दहा रुपयांच्या पुडींतील तिखट, कुरकुरीत पदार्थ सर्वांना दिसेल अशा बेतानें खात बसले होते. मिरवावयाचें तें झांकलेलें आणि झांकावयाचें तें उघडें, असा हा उलटा न्याय पाहून आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें कीं, यंदाच्या अंकांत लिहावयाचें तें याविषयींच.

त्या मुलास आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. विचारल्यानें मुलाची लाज जात नाहीं, उलट वाढते. परंतु त्याच्या डब्यामागें पहाटे पांचास उठलेले कोणाचे तरी हात होते, हें आम्हांस कळत होतें. जी भाकर तो झांकीत होता ती करतां येणें ही एक विद्या आहे. आणि ती विद्या त्याला, त्याच्या शेजाऱ्यांना व खरें सांगावयाचें तर शिक्षकांच्या खोलींतील आम्हां बहुतेक पुरुषांना येत नाहीं, हेंही कळत होतें. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे कीं, घरांत जें असेल त्यांतून घटकाभरांत चार माणसांचें पोट व मन शांत होईल असें अन्न प्रत्येक मुलास आणि मुलीस शाळा सोडण्यापूर्वीं करतां आलें पाहिजे. घटका म्हणजे चोवीस मिनिटें. हल्लींच्या मुलांस हें सांगावें लागतें, म्हणून सांगितलें.

अशा अन्नाची आमच्या जिल्ह्यांत वाण नाहीं. सकाळची उकडपेंडीच घ्या. गव्हाचें जाडसर पीठ तेलावर खमंग वास सुटेपर्यंत भाजावें, कांदा, हिरवी मिरची व कढीलिंब यांच्या फोडणींत तें परतावें, वरून ताक व पाणी शिंपून झांकण ठेवावें आणि दोन वाफा आणाव्या. शेवटीं सांभार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर, भुरभुरावी. झालें! पावसाळ्याच्या रात्रीं भाजी नाहीं, बाहेर जातां येत नाहीं, अशा वेळीं वरणफळें आहेतच. उकळत्या वरणांत कणकेच्या लाटलेल्या तुकड्या सोडल्या कीं वरण आणि पोळी हीं दोन्हीं एकाच भांड्यांत शिजतात, आणि भांडें घासणाऱ्याचाही आशीर्वाद मिळतो. आहारशास्त्रज्ञ सांगतात कीं, धान्याच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा जो घटक कमी पडतो तो डाळींत भरपूर असतो, म्हणून दोन्ही एकत्र खावीं. आमच्या आज्यांना लायसीन ठाऊक नव्हतें. परंतु भाकरीबरोबर बेसन, आणि फळांबरोबर वरण ही जोडी त्यांनीं कधीं चुकविली नाहीं. गाकर, धिरडें, थालीपीठ यांविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. तीं ज्याच्या त्याच्या घरीं अधिक चांगलीं होतात.

पानग्यांविषयीं मात्र लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कणकेंत तेलाचें मोहन, मीठ व थोडा ओंवा घालून ती घट्ट मळावी, तळहाताएवढे चपटे गोळे करून प्रत्येक गोळा पळसाच्या दोन पानांमध्यें ठेवावा, आणि पेटून धुमसत असलेल्या गोवऱ्यांच्या आरांत तो पुरावा. पान जळून काळें होतें, त्याच्या शिरांचे ठसे कणकेवर उठतात, आणि जो वास सुटतो त्याचें वर्णन करण्याचें सामर्थ्य आमच्या लेखणींत नाहीं. पानगा फोडून त्यावर तूप ओतावें आणि वांग्याच्या भाजीबरोबर खावा. हिंवाळ्यांत शेतावर हें जेवण ज्यानें केलें नाहीं, त्यानें विदर्भ पाहिला असें आम्ही म्हणणार नाहीं. ना तवा, ना पोळपाट, ना लाटणें. पान, शेण आणि पीठ एवढ्या सामग्रीवर हें जेवण उभें आहे.

आतां भाकरीची गोष्ट. पोळी येणें आणि भाकर येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गव्हाच्या पिठांत ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य तयार होतें, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाहीं व लाटतां येते. ज्वारींत तें नाहीं. यास्तव ज्वारीचें पीठ आधणाच्या पाण्यानें मळतात. कढत पाण्यानें त्यांतील पिठूळ भाग, ज्याला स्टार्च म्हणतात, फुगून चिकट होतो आणि ग्लूटेनचें काम तोच करतो. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते व भाकर थापतांना कडेला चिरते. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणण्याची चाल आहे. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगास पाणी लावावयाचें, तें सुकावयाच्या आंत उलटावयाचें, आणि मग विस्तवावर फुगवावयाची. यांतील प्रत्येक पायरीस कारण आहे. विज्ञानाच्या तासाला आम्ही ज्यास प्रयोग म्हणतों, तो घरोघर रोज दोन वेळां होत असतो; मात्र प्रयोगवहींत त्याची नोंद कोणी करीत नाहीं.

हें सर्व ज्ञान आम्हांस पुस्तकांतून झालें नाहीं. पांचसहा वर्षांपूर्वीं श्रावणांत आमची मंडळी वडिलांच्या आजारपणामुळें आठपंधरा दिवस माहेरीं गेली होती. घरीं आम्ही आणि दोन मुलें. पहिल्या रात्रीं दुकानांतला पाव आणला, दुसऱ्या रात्रीं खाणावळींतून भाजीपोळी आणली. तिसऱ्या रात्रीं धो धो पाऊस, विजेचा पत्ता नाहीं आणि धाकट्यास ताप. त्याला आम्हीं विचारलें, काय खातोस? तो म्हणाला, दूधभाकर. डब्यांत पीठ होतें, भांड्यांत दूध होतें, गॅस होता, आणि दोन पदव्या मिळविलेले, अध्यापनाचें शिक्षण घेतलेले आम्ही चुलीपाशीं उभे होतों. थंड पाण्यानें पीठ मळलें. थापावयास गेलों तों त्याचे चार तुकडे झाले. पुन्हां मळलें, पुन्हां तेंच. तेव्हां भिंतीपलीकडच्या आजीबाई आमची ही खटपट ऐकून छत्री घेऊन आल्या आणि दारांतूनच म्हणाल्या, “पह्यले आधन येऊ द्या मास्तर; थंड्या पान्याची भाकर थोडीच होते!” त्यांनीं करून दिली असती तर पांच मिनिटांत झाली असती. परंतु त्या बाजूला बसल्या आणि आमच्याच हातून त्यांनीं ती करवून घेतली. जी भाकर अखेरीस निघाली तिचा आकार जुन्या मध्यप्रांताच्या नकाशासारखा होता. मुलानें ती दुधांत कुसकरून अर्धी खाल्ली आणि तो झोंपला. त्या रात्रीं आम्हांस जो आनंद झाला, तो पदवीदानाच्या दिवशींही झाला नव्हता. आणि जी शरम वाटली तीही फार दिवस पुरली.

आजारी, थकलेल्या किंवा खचलेल्या माणसास पक्वान्न नको असतें, ओळखीचें ऊन अन्न हवें असतें. आमच्या शास्त्रांत एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो राणीच्या भयानें रानांत पळाला, एका झुडुपाखालीं बसला आणि आतां मरण येईल तर बरें असें म्हणून निजला. देवदूतानें त्यास उठविलें तेव्हां प्रथम उपदेश केला नाहीं, जेवावयास सांगितलें. आणि उशाशीं काय होतें, तर विस्तवावर भाजून काढलेली भाकर व प्यावयास पाणी. जेवून तो पुन्हां निजला, आणि पुन्हां उठवून त्यास पुन्हां जेवूं घातलें. ही गोष्ट वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं पानगाच येतो. नापिकी आणि कर्ज यांनीं खचलेलीं घरें ज्या जिल्ह्यांत थोडीं नाहींत, तेथें ही गोष्ट शिक्षकानें व पालकानें विसरूं नये. मुलगा परीक्षेंत नापास होऊन घरीं आला तर त्यास आधीं जेवूं घालावें. बोलावयाचें तें मागाहून बोलतां येतें.

घाईच्या भाकरीचा हा मान इतर देशांतही आहे. मिसर देशांतून निघतांना इस्राएल लोकांस पीठ फुगण्याची वाट पाहण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनीं बेखमीर भाकरी भाजल्या, आणि त्या घाईची आठवण यहुदी लोक आजतागायत वर्षांतून एकदां पाळतात. आयर्लंडांतील गरीब कुटुंबांनीं एकोणिसाव्या शतकांत खमिराच्या भानगडींत न पडतां ताक आणि खाण्याचा सोडा यांवर पाव भाजण्यास आरंभ केला. ताकाच्या आंबटपणाशीं सोड्याचा संयोग होऊन वायु निघतो व पीठ तासाभरांत हलकें होऊन भाजून निघतें. आमच्याकडचा पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत आला आणि तेथील पोदेरांनीं तो ताडीमाडीच्या खमिरावर फुगविला. पावाशीं आमचें वैर नाहीं. वसतिगृहांत राहून शिकलेल्या आमच्यासारख्यांनीं चहापावावर पुष्कळ सकाळी काढल्या आहेत. परंतु बायबलाच्या भाषांतरकारांनीं प्रभूच्या प्रार्थनेंत रोजच्या अन्नाकरितां मराठी शब्द योजिला तो ‘भाकर’. पाव नव्हे, पोळीही नव्हे. ज्यांनीं तो शब्द योजिला त्यांनीं या देशांतील गरिबाचें ताट पाहिलें असलें पाहिजे.

पिठाचा आणि भाकरीचा विचार करणाऱ्यांस वर्धा हें तर क्षेत्रच आहे. १९३४ सालच्या डिसेंबरांत येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं त्यास आपली बाग व घर दिलें, तीच मगनवाडी. संघाचे चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावराकडील ख्रिस्ती कुटुंबांतले; लंडनांत हिशेबतपासनीस झालेले व अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेले. एवढा शिकलेला मनुष्य येथें येऊन काय करूं लागला, तर जातीं, घाणे, गूळ आणि असडीक तांदूळ यांचा अभ्यास! पुष्कळांना तें हास्यास्पद वाटलें. वस्तुतः त्यामागें शास्त्र होतें. जावा बेटांत आइकमन नांवाच्या डच डॉक्टरास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत असें आढळलें होतें कीं, सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांस बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा असलेला तांदूळ दिला कीं त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तेव्हां गिरणी जें पांढरें करून देते त्यांतून कांहीं तरी काढून घेते, हें कुमारप्पांचें म्हणणें हट्टाचें नव्हतें.

मगनवाडींतील आणखी एक हकीकत मुलांस ऐकण्याजोगी आहे. महात्मा गांधी १९३५ सालीं तेथें राहत असतां त्यांनीं सोयाबीन शिजवून रोजच्या जेवणांत घेण्याचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’ पत्रांत त्याविषयीं लिहिलें. त्या काळीं हें धान्य आमच्याकडे अपरिचित होतें. आज जिल्ह्यांत कपाशीच्या जोडीला जिकडेतिकडे सोयाबीनच दिसतें. परंतु तें गाडींत भरून बाजारसमितींत जातें, तेथून तेलाच्या कारखान्यांत जातें, आणि घरीं येतें तें तेलाच्या पिशवींतून. ज्याच्या शेतांत तें पिकतें त्याच्या चुलीवर तें क्वचितच चढतें. उलट जी ज्वारी आमच्या चुलीवर रोज चढे तिचा पेरा हटला आहे. रानडुकरांचा उपद्रव, भावाची हमी नाहीं, कापणीला माणूस नाहीं, अशीं कारणें शेतकरी सांगतात आणि तीं खरीं आहेत. रेशनावर मुख्यतः गहूतांदूळ मिळतात, ज्वारी विकत घ्यावी लागते. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें; शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारीचे पदार्थ मोठ्या किंमतीस विकले जाऊं लागले; आणि आमचा सातवीचा मुलगा झांकणाआड भाकर खात होता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहींतर आमच्या लेखाचा उपयोग भलतेच लोक करतील. ‘पूर्वींच्या बायका पहाटे उठून जात्यावर दळीत, ओव्या गात, म्हणून घरें सुखी होतीं’ असें जे म्हणतात त्यांपैकीं आम्ही नाहीं. असें म्हणणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांपैकीं कोणीं एक पायलीही दळलेली नसते. आमच्या आईनें दळलें आहे. तिच्या तळहाताचे घट्टे आम्हीं पाहिले आहेत. पिठाची गिरणी गांवांत आली तेव्हां तिनें देवाचे आभार मानले होते. कुमारप्पांचा आदर राखूनही आमचा कौल या बाबतींत गिरणीकडे आहे. आणि त्यांच्या मगनवाडींतही जातें कमी श्रमांत फिरावें यासाठीं खटपट चालत होती, हें त्यांच्या भक्तांनीं ध्यानांत ठेवावें. ऊन भाकर हवी असेल तर तिचें ओझें एकटीच्या डोक्यावर ठेवून ती मागणें हा अन्याय आहे. आई दिवसभर शेतावर किंवा कचेरींत राबून येते, आणि घरांत दहावीला असलेला धडधाकट मुलगा मोबाईल हातांत घेऊन ‘आज काय केलंस?’ म्हणून विचारतो. पुडींतलें अन्न घरांत शिरतें तें याच दारानें. मातांस दोष देणारे आरोग्याचे उपदेश आम्हीं पुष्कळ ऐकले. पुडी फोडण्यास एकच हात लागतो. भाकरीला घरांतले चार हात लागले तर तीही जड नाहीं.

‘मग आमच्या मुलांनीं आतां शाळेंत येऊन स्वयंपाक शिकावयाचा काय?’ असें एका पालकांनीं आम्हांस गेल्या सभेंत विचारलें. आमचें उत्तर, होय. हें नवीन नाहीं आणि परक्याचें तर मुळींच नाहीं. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यासच शिक्षणपरिषद भरली व तींतून नयी तालीम निघाली. सेवाग्रामास तिचें काम ज्यांनीं चालविलें ते आर्यनायकम् हे सिंहलद्वीपांतून आलेले तमिळ ख्रिस्ती गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नी आशादेवी. तेथील शाळेंत सूत व शेती यांप्रमाणेंच स्वयंपाकघर हाही अभ्यासाचा विषय होता, मुलग्यांस व मुलींस सारखाच. किती माणसांस किती पीठ, किती सरपण, काय खर्च, हें मुलांनींच मांडावयाचें. गणित आणि आरोग्यशास्त्र त्यांतून शिकावयाचें. सेवाग्रामास २००५ पासून पुन्हां सुरू झालेल्या आनंद निकेतन विद्यालयांत ही रीत आजही आहे. आमच्या शाळेपासून तें काहीं परदेशीं नाहीं. वार्षिक सहलीस लांबच्या किल्ल्यावर जाणाऱ्या वर्गांनीं एकदां तेथील स्वयंपाकघर पाहून यावें.

पालकांची दुसरी शंका वेळेची. शिकवण्यांच्या वर्गांमुळें मुलांस वेळ नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु आम्ही रोज मागत नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ, एक घटका, एक पदार्थ. नववीच्या मुलानें प्रथम उकडपेंडी करावी, कारण ती बिघडत नाहीं. मग वरणफळें. भाकर सर्वांत शेवटीं. तिला दोन महिने लागतील आणि पहिल्या पंचवीस भाकरी घरच्यांनीं मुकाट्यानें खाव्या. ‘तुला जमणार नाहीं, सर बाजूला’ हें वाक्य त्या दोन महिन्यांत घरांत कोणीं उच्चारूं नये. आजीबाईंनीं आमच्या बाबतींत तें उच्चारलें नाहीं, म्हणून आम्हांस भाकर आली. गोडाची हौस असेल त्यानें गोरस भांडारांतील गोरसपाक खुशाल आणावा. गाईच्या तुपाचें तें वर्ध्याचें बिस्कीट आम्हांसही आवडतें, आणि प्रत्येक गोष्ट घरींच करावी असा आमचा आग्रह नाहीं.

या विचारानें आम्हीं गेल्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटीपूर्वीं, सातवीच्या मुलांस एका पालकांच्या शेतावर पानग्यांस नेलें. शहरांत राहणाऱ्या मुलांनीं पळसाचीं पानें ओळखतांना सागाचीं आणलीं. गोवऱ्या पेटवितांना धूर सर्वांच्या डोळ्यांत गेला. कणीक पहिल्यानें सैल झाली आणि आमच्यासकट कोणासच ती सुधारतां येईना. तेव्हां डब्याचें झांकण उभें धरणारा तो मुलगा पुढें आला, परातीपुढें मांडी घालून बसला, पिठाचा अंदाज घेऊन दोन मुठी वर टाकल्या आणि तळहाताच्या मुळानें कणीक रेटूं लागला. कोणी तरी विचारलें, तुला कोणीं शिकविलें? तो खालीं पाहूनच म्हणाला, “माय कापूस वेचाले जाते तवा मीच करतो.” त्यानंतर कोणी कांहीं बोललें नाहीं. पुडीवाल्या दोघांपैकीं एकजण त्याच्या शेजारीं येऊन बसला आणि पानें पुसून त्याच्या हातीं देऊं लागला.

त्या दिवशीं आम्ही एकतीसजण होतों. पानगे बेचाळीस झाले. त्यांतले तीन जळाले, आणि एकही परत आणला नाहीं.